ग्राहकांचे प्रश्न : सदस्यत्व बंद केले, तरी पैसे कापले जातात

ऑनलाइन सेवांचे सदस्यत्व रद्द करताना येणाऱ्या अडचणींविषयी वाचकांची पत्रे सातत्याने येत आहेत, म्हणून या अंकातील सदर त्याच विषयाला दिले आहे. खात्यातून पैसे जाणे थांबवणे, कंपनीबरोबरचा करार संपवणे आणि गेलेले पैसे परत मिळवणे ही तीन वेगळी कामे आहेत. पहिले काम बँकेकडे होते, दुसरे कंपनीकडे आणि तिसऱ्यासाठी गरज पडल्यास ग्राहक कायद्याचा आधार घ्यावा लागतो. पत्रांतील बऱ्याच तक्रारींमध्ये यांपैकी एकच काम झालेले आणि उरलेली दोन राहून गेलेली दिसतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. योगासने शिकवणाऱ्या एका अ‍ॅपने सात दिवस मोफत वापरून पाहा असे सांगत डेबिट कार्डाचा तपशील मागितला व मी तो दिला. अ‍ॅप पसंत पडले नाही, म्हणून मुदत संपण्यापूर्वीच ते फोनमधून काढून टाकले. तरीही आठव्या दिवशी निवृत्तिवेतनाच्या खात्यातून वर्षभराचे २,९९९ रुपये कापले गेले. परवानगी आपणच दिली होती, असे कंपनी सांगते. पैसे परत मिळू शकतील का? — एक वाचक, सांगली

उत्तर : मिळू शकतात, मात्र त्यासाठी आज-उद्यातच लेखी तक्रार करावी. अ‍ॅप फोनमधून काढल्याने सदस्यत्व रद्द होत नाही. कार्ड नोंदवताना आलेला ओटीपी आपण भरला, त्याच वेळी बँकेकडे ‘ई-मँडेट’, म्हणजे ठरलेल्या तारखेला रक्कम वळती करण्याची कायम सूचना, नोंदली गेली. अ‍ॅप गेले तरी ती सूचना बँकेत तशीच राहते.

असे असले तरी ‘परवानगी आपणच दिली’ एवढे म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यावरील रचना रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि अशा तेरा प्रकारांना मनाई केली. त्यांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा स्वतंत्र प्रकार आहे. सशुल्क सदस्यत्व रद्द करणे अशक्य किंवा लांबलचक करून ठेवणे, रद्द करण्याची सोय दडवणे, त्याविषयीच्या सूचना संदिग्ध ठेवणे आणि मोफत सदस्यत्वासाठी कार्डाचा तपशील वा आपोआप वजावटीची परवानगी देणे भाग पाडणे, या सर्वांचा त्यात समावेश होतो. शेवटचा मुद्दा आपल्या प्रकरणाला थेट लागू पडतो असे माझे मत आहे. ‘मोफत चाचणी हा सशुल्क योजनेचाच भाग होता’ असा युक्तिवाद कंपनी करील; परंतु जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘मोफत’ लिहिले असेल, तर तो टिकणे कठीण आहे. मोफत मुदत संपून पैसे लागू होत असल्याची सूचना न देणे हेही याच तत्त्वांमध्ये सॉफ्टवेअर सेवांच्या आकारणीसंबंधीच्या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून दिलेले आहे.

आता बँकेची बाजू पाहू. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटसंबंधीच्या नियमांनुसार आपोआप वजावट होण्यापूर्वी किमान २४ तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेने ग्राहकाला सूचना पाठवली पाहिजे, आणि त्या सूचनेत विक्रेत्याचे नाव, रक्कम, वजावटीची तारीख, संदर्भ क्रमांक व वजावटीचे कारण हे सर्व असले पाहिजे. ती वजावट किंवा संपूर्ण मँडेट नाकारण्याची सोयही ग्राहकाला मिळाली पाहिजे. साधारणतः १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढील वजावटींना नवा ओटीपी लागत नाही, त्यामुळे हा एक संदेश हीच ग्राहकाच्या हातातील शेवटची संधी असते. जाहिरातींच्या गर्दीत इंग्रजीतील हा संदेश अनेकांच्या नजरेतून सुटतो. आपल्या फोनमध्ये त्या तारखेच्या आसपासचे संदेश शोधावेत. संदेश आलाच नसेल तर ती बँकेची त्रुटी ठरते आणि कंपनीबरोबर बँकेकडेही तक्रार करता येते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा असमाधानकारक दिले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. जुन्या संदेशातील दुव्यावर मात्र आता बोट लावू नये, कारण याच धर्तीचे बनावट संदेशही फिरत असतात. मँडेट रद्द करायचे ते बँकेच्या अधिकृत अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन करावे.

कंपनीला पाठवायचे पत्र लांबवण्याची गरज नाही. पुढील मजकूर ई-मेलने पाठवावा :

“मी आपल्या अ‍ॅपची मोफत चाचणी अमुक तारखेला सुरू केली व मुदतीच्या आत वापर थांबवला. अमुक तारखेला माझ्या खात्यातून २,९९९ रुपये वजा झाले. वजावटीपूर्वी आपल्याकडून मला कोणतीही स्पष्ट सूचना मिळाली नाही. माझे सदस्यत्व या पत्राच्या तारखेपासून रद्द करावे, माझ्या कार्डाचा जतन केलेला तपशील काढून टाकावा आणि पूर्ण रक्कम परत करावी. मोफत चाचणीसाठी आपोआप वजावटीची परवानगी घेणे हे डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वे, २०२३ यांचे उल्लंघन आहे. या तक्रारीचा क्रमांक कळवावा.”

अ‍ॅपचे पैसे गूगल प्ले स्टोअरमार्फत गेले असतील, तर पहिल्या ४८ तासांत परताव्याची विनंती थेट तेथे करता येते. ती वेळ टळली असेल तर अ‍ॅपच्या निर्मात्याकडेच जावे लागते.

प्रश्न : मुलीचे लग्न ठरले, म्हणून स्थळे सुचवणाऱ्या संकेतस्थळाचे सदस्यत्व बंद करायचे ठरवले, पण तशी सोय कोठेच सापडली नाही. सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत दूरध्वनी करावा लागतो. प्रतिनिधीने आधी तीन महिन्यांची सवलत देऊ केली, मग ‘लग्न मोडलं तर पुन्हा आमच्याकडेच यावं लागेल’ असे सुनावले, आणि अखेर रद्द करण्याचे ५०० रुपये शुल्क मागितले. दरम्यान पुढच्या तिमाहीचे पैसे कापले गेले आहेत. — एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रतिनिधीचे ते वाक्य वाचून कोणत्याही पालकाला संताप यावा. लग्नघरातल्या माणसाला असे बोलणे हे नुसते असभ्य नाही. ग्राहकाला लाज किंवा भीती वाटावी अशी भाषा वापरून त्याचा निर्णय फिरवणे हाही मार्गदर्शक तत्त्वांनी मना केलेल्या तेरा प्रकारांपैकी एक आहे. त्या व्याख्येचा रोख प्रामुख्याने पडद्यावरील शब्दांवर असला, तरी दूरध्वनीवरील हे संभाषण आपल्या तक्रारीत तारीख-वेळेसह शब्दशः लिहावे. ते कंपनीची कार्यपद्धती दाखवते.

नोंदणी संकेतस्थळावर मिनिटभरात होते आणि रद्द करण्यासाठी मात्र कार्यालयीन वेळेत दूरध्वनी करावा लागतो, ही तफावत हाच आपल्या तक्रारीचा कणा आहे. रद्द करण्याचा मार्ग दडवणे व किचकट करणे यांना वर सांगितलेली व्याख्या सरळ लागू होते. शुल्काविषयी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० स्पष्ट आहेत : कंपनीने स्वतःहून व्यवहार रद्द केल्यास ती तेवढेच शुल्क सोसत असेल, तरच ग्राहकाकडून रद्द करण्याचे शुल्क घेता येते. आपल्या कंपनीच्या अटींमध्ये अशी तरतूद आहे का, हा एकच प्रश्न तिला लेखी विचारावा. मी वाचलेल्या अटींमध्ये ती क्वचितच आढळते.

याच नियमांनुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, हुद्दा व संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. म्हणून यापुढे दूरध्वनी करू नये. प्रतिनिधीबरोबरच्या बोलण्याचा पुरावा आपल्याकडे उरत नाही, आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला सगळी हकिकत पुन्हा सांगावी लागते. तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल पाठवला की त्या तारखेपासून मुदत मोजता येते.

ई-मेल पाठवल्याच्या दिवशीच बँकेतील मँडेटही रद्द करावे. नेटबँकिंगमध्ये ते ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ या नावाखाली सापडते. मँडेट केव्हाही मागे घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मँडेट रद्द केल्यानंतरही रक्कम वजा झाली, तर तो आपल्या संमतीविना झालेला व्यवहार असल्याचे बँकेला तत्काळ, शक्यतो तीन कामकाजी दिवसांच्या आत, लेखी कळवावे.

आपण विचारलेले नाही, पण एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. सदस्यत्व रद्द झाले तरी मुलीचा फोटो, जन्मतारीख, पत्रिका आणि कुटुंबाची माहिती संकेतस्थळावर राहू शकते. तिचे प्रोफाइल पूर्णपणे काढून टाकण्याची मागणी त्याच ई-मेलमध्ये करावी, आणि प्रोफाइल मुलीच्या नावाने असल्याने ती मागणी तिच्या ई-मेलवरून गेली तर अधिक चांगले. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमती मागे घेणे हे संमती देण्याइतकेच सोपे असावे, हे तत्त्व घातलेले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

प्रश्न : यूपीआयवरून गाण्यांच्या अ‍ॅपचे दरमहा पैसे जातात. ते कोठून बंद करायचे? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : ज्या यूपीआय अ‍ॅपमधून परवानगी दिली, त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा विभाग असतो. तेथे चालू असलेल्या परवानग्यांची यादी दिसते आणि पिन टाकून हवी ती रद्द करता येते. काही काळापुरती थांबवण्याचीही सोय बहुधा असते. त्याबरोबर गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये जाऊन सदस्यत्वही रद्द करावे, म्हणजे कंपनीच्या दप्तरी थकबाकी दिसणार नाही. दोन्ही ठिकाणच्या ‘रद्द झाले’ या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवावा.

प्रश्न : मुलाच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी एका ऑनलाइन शिकवणीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला. घरी आलेल्या प्रतिनिधीने ‘महिन्याला थोडे थोडे भरा, कधीही बंद करा’ असे सांगून टॅबवर सही व ओटीपी घेतला. मुलाला शिकवणे समजत नाही, म्हणून बंद करायला सांगितले, तर कंपनी म्हणते की आपण कर्ज घेतले आहे, हप्ते वित्तसंस्थेला द्यावेच लागतील. आम्ही कर्ज मागितलेच नव्हते. हप्ता थांबवू का? — एक पालक, लातूर

उत्तर : हप्ता परस्पर थांबवू नये. आपल्यावर अन्याय झाला आहे हे खरे, तरीही घाईने हप्ता थांबवल्यास नुकसान आपलेच अधिक होईल. येथे दोन करार झाले आहेत : शिकवणी देणाऱ्या कंपनीबरोबर सेवेचा आणि वित्तसंस्थेबरोबर कर्जाचा. सेवेचे पैसे वित्तसंस्थेने कंपनीला एकरकमी दिलेले असतात, आणि आपण ज्याला मासिक वर्गणी समजत होतात तो कर्जाचा हप्ता असतो. हप्ता चुकला की थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात जाते व उद्या घरासाठी किंवा मुलाच्या उच्च शिक्षणासाठी कर्ज घेताना ती आडवी येते. खात्यात पैसे न ठेवल्याने वजावट परत गेली, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७ च्या कलम २५ खाली धनादेश न वटण्यासारखीच फौजदारी कारवाई होऊ शकते. गाण्यांच्या अ‍ॅपबाबत जे चालते, ते येथे चालत नाही.

सर्वप्रथम वित्तसंस्थेकडून कर्जाचा करार आणि ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक, यांची प्रत लेखी मागावी. डिजिटल कर्जांसंबंधीच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जदाराला हे पत्रक करारापूर्वी मिळायला हवे आणि कर्ज घेतल्यानंतर ठरावीक फेरविचाराच्या मुदतीत मुद्दल व त्या दिवसांपुरता आकार भरून, दंडाविना बाहेर पडण्याची संधी असायला हवी. ही मुदत फार लहान, एखाद्या दिवसाचीही असू शकते, त्यामुळे ती आपल्या बाबतीत टळून गेली असण्याचीच शक्यता आहे. पण पत्रक दिलेच नसेल, किंवा ते आपल्याला समजेल अशा भाषेत नसेल, तर तीच आपली सर्वांत भक्कम बाजू ठरते. वित्तसंस्थेने दखल घेतली नाही, तर येथेही ३० दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याची वाट आहे. आपली वित्तसंस्था त्या योजनेच्या कक्षेत येते का, हे १४४४८ वर विचारून घ्यावे.

शिकवणी कंपनीला स्वतंत्र पत्र लिहून सेवा रद्द करत असल्याचे कळवावे, उरलेल्या कालावधीची रक्कम वित्तसंस्थेकडे परत पाठवून कर्जखाते बंद करण्याची मागणी करावी आणि या पत्राची प्रत वित्तसंस्थेलाही द्यावी. ‘कोणत्याही परिस्थितीत परतावा नाही’ असे अटींमध्ये छापलेले असते म्हणून वाद तेथे संपत नाही. ग्राहकावर अवाजवी बोजा टाकून त्याला तोट्यात ढकलणारी अट ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित कराराचा भाग ठरू शकते. अशा अटीला थेट आव्हान द्यायचे असेल तर ते राज्य आयोगापुढे द्यावे लागते. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांची तक्रार मात्र जिल्हा आयोगातच करता येते.

शिक्षणाच्या बाबतीत ग्राहक आयोग दखल घेत नाही, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. राष्ट्रीय आयोगाच्या विस्तारित पीठाने २०२० मध्ये शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले, परंतु त्याच निकालात खासगी शिकवणी वर्ग मात्र कक्षेत असल्याचे म्हटले आहे. तक्रारीत कंपनी व वित्तसंस्था या दोघांनाही सामनेवाले करावे आणि निकाल लागेपर्यंत हप्त्यांची वसुली स्थगित ठेवण्याचा अंतरिम आदेश मागावा. असा आदेश देण्याचा अधिकार आयोगाला आहे. तो मिळाल्यावर हप्ता थांबवणे सुरक्षित असते.

ज्या पालकांनी अजून सही केलेली नाही, त्यांच्यासाठी : शुल्क भरताना आपोआप वजावटीचा पर्याय टाळावा, असा सल्ला केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना दिला होता. घरी आलेल्या माणसाच्या टॅबवर ओटीपी सांगण्यापूर्वी संदेशात ‘लोन’ हा शब्द आहे का, एवढे तरी पाहावे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त श्टुटगार्टला आलो आहे. व्यायामशाळेचे सदस्यत्व ऑनलाइन घेतले होते. पुण्याला परतायचे असल्याने ते संपवायचे आहे. येथे टपालानेच पत्र पाठवावे लागते का? — एक वाचक, जर्मनी

उत्तर : नाही. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून, ज्या सेवेचा करार संकेतस्थळावर करता येतो, त्या संकेतस्थळावर तो संपवण्यासाठी स्पष्ट शब्दांचे बटण कायम उपलब्ध असणे बंधनकारक आहे. ‘करार येथे संपवा’ अशा अर्थाचे पहिले बटण, त्यामागे मोजका तपशील भरण्याचे पान आणि तेथे ‘आता संपवा’ असे दुसरे बटण, इतकी ती रचना कायद्यानेच ठरवून दिलेली आहे. बटण दाबल्यावर कंपनीने तारीख-वेळेसह लेखी पोच लगेच पाठवावी लागते. बटणच नसेल, तर ग्राहकाला नोटिशीची मुदत न पाळता केव्हाही करार संपवता येतो. शिवाय १ मार्च २०२२ नंतर केलेला असा करार पहिली ठरलेली मुदत संपल्यावर आपोआप वर्षभर वाढवता येत नाही. तो एक महिन्याची सूचना देऊन संपवता येतो. आपली पहिली मुदत अजून चालू असेल, तर केवळ देश सोडणे हे कारण नेहमीच पुरेसे ठरत नाही, म्हणून तेथील ग्राहक केंद्राचा सल्ला घ्यावा.

आपल्याकडील नियमांत सापळा रचण्यास मनाई आहे, पण बाहेर पडण्याचे दार कोठे व कसे असावे हे ठरवून दिलेले नाही. त्यामुळे प्रत्येक ग्राहकाला आपापल्या प्रकरणात ‘हे किचकट आहे’ असे सिद्ध करत बसावे लागते. जर्मनीसारखी एका बटणाची सक्ती भारतातही व्हावी, असे मला ठामपणे वाटते. प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच्या संकेतस्थळांची तपासणी करण्यास सांगितले. पण ज्याने सापळा लावला त्यानेच तो शोधावा, या अपेक्षेला मर्यादा आहेत.

प्रश्न : माझे केवळ ९९९ रुपये गेले आहेत. एवढ्यासाठी ग्राहक आयोगात जाणे परवडते का? — एक गृहिणी, चिपळूण

उत्तर : आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, तेथे मराठीत बोलता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, ती कंपनीकडे तक्रार पाठवून तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते. पण लहान रकमांच्या बाबतीत बहुतेक कंपन्या एवढ्यावरच पैसे परत करतात, असा वाचकांच्या पत्रांवरून माझा अनुभव आहे.

तेथे काम झाले नाही, तर आयोगात जरूर जावे. मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. कंपनीचे कार्यालय बंगळूरूत असो वा गुरुग्राममध्ये, आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे आपल्या बाबतीत रत्नागिरी जिल्ह्याच्या आयोगात, तक्रार करता येते. ती ऑनलाइन दाखल करण्याची आणि सुनावणी दूरदृश्य प्रणालीने घेण्याची विनंती करण्याचीही सोय आहे. वकील लावणे सक्तीचे नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकाल अपेक्षित असला, तरी प्रत्यक्षात अनेकदा बराच अधिक काळ लागतो, याची तयारी ठेवावी. तक्रार लिहिण्यासाठी मदत हवी असल्यास मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडे विचारणा करावी.

याखेरीज आणखी एक मार्ग आहे, तो फारसा वापरला जात नाही. एकच सापळा अनेक ग्राहकांना अडकवत असेल, तर त्याची तक्रार केंद्रीय प्राधिकरणाकडे किंवा आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी वा ऑनलाइन करता येते. तेथे आपले ९९९ रुपये मागायचे नसतात, तर ती प्रथाच बंद करण्याची मागणी करायची असते. वैयक्तिक परताव्यासाठी आयोगात जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. ई-मेलना उत्तर मिळण्याची वाट पाहण्यात ती थांबत नाही, म्हणून पैसे कापले गेल्याची तारीख असलेले बँकेचे विवरणपत्र आजच उतरवून ठेवावे.